अक्का म्हणणारा आवाज

कान्हूदादा,

काल फोनवर मी "बरी हाय" म्हटलं, ते खरं न्हाई.

परवा तांदूळ पाखडताना एक फोन आला. माणूस कन्नडात गोड बोलत होता. "अक्का, बँकेतून बोलतोय. तुमचं खातं बंद पडतंय, आत्ता आलेला कोड सांगा." घाबरून मी आकडे वाचायला लागले. अर्धे सांगून झाले, तेवढ्यात मेसेजातली खालची ओळ दिसली: हा कोड कुणालाही सांगू नका. मी तिथंच वाचायची थांबले.

मग त्याचं 'अक्का' संपलं. "बाकीचे सांग! तुझं घर ठाऊक हाय मला." मी फोन बंद केला आणि भरदुपारी दाराला कडी घातली.

दुसऱ्या दिवशी जोयड्याला बँकेत गेले. पैसे शाबूत होते. तिथल्या बाई म्हणाल्या, "आपण स्वतः पैसे भरताना कोड आला, तर तो आपल्याच हातानं फोनमध्ये घालायचा. काही न करता आला, तर तो चोरानं मागवलेला. बँक कधीच फोन करून कोड विचारत न्हाई. आणि घराचं म्हणाल, तर ती नुसती धमकी." त्यांच्यासमोरच मी लाइटबिल भरलं, कोडसुद्धा घातला.

सगळं समजलंय, दादा. तरी अंगणात कुत्रं भुंकलं की वाटतं, तोच आला.

हे पत्र मी धाडणार न्हाई. वाचलंस तर मला तुझ्याकडं रामनगरला न्यायला येशील. इथलं, गुंदातलं घर सोडायला मी दरवेळी न्हाई म्हणत आले. या वेळी व्हय म्हणेन, याचंच भ्या वाटतं.

तुझी धाकटी,
फुला