पक्की शिवण

बाइंडिंगखाना, ता. २ फेब्रुवारी

चि. खारूताईस मामाचे अ. उ. आ.

तुझी चाळीस पुस्तकं काल बांधून टेम्पोत चढवली. त्यांची खरी किंमत तुला कळवतो, बिलातली नव्हे. बिलात सूत, कापड, पुठ्ठा आणि सरस एवढंच आहे. माझ्या डाव्या अंगठ्याचं नख गेलं ते त्यात नाही. आमच्या जुन्या कारागिराने अबोला धरला तोही नाही. भाचीचं काम म्हणून मी एकही पुस्तक त्याच्या हाताला लागू दिलं नाही, याचा त्याला राग. आणि तुझ्या मामीची गाण्यांची वही दोरीने बांधून अजून खिडकीत पडली आहे, त्यावरून मी रोज जेवताना जे ऐकतो, तेही कुठल्या बिलात बसत नाही.

पण शिवण पाहशील तर खूश होशील. तुमच्या विद्यापीठाचा नियम आहे, की पातळ वेष्टनाचं पुस्तक पुठ्ठा बांधल्याशिवाय कपाटात ठेवायचं नाही. मी म्हटलं, बांधायचं तर असं बांधू की पोरं त्यावर उभी राहिली तरी पान हलणार नाही. अर्धा इंच आत आरपार भोकं पाडली आणि दुहेरी सुताने आवळली. कुणाला उसवायची हौस आलीच, तर येताना कुऱ्हाड घेऊन ये म्हणावं.

आत काय आहे ते विचारू नकोस. इतकी वर्षं पुस्तकं बांधली, वाचलं एकही नाही. मला पाठ दिसते, पोट तुम्ही बघा.

आता एक कानावर आलेलं. काल दोन प्राध्यापक प्रबंध बांधायला आले होते. हातात सरसाचा ब्रश असलेला माणूस बहिरा असतो अशी शिकलेल्या लोकांची समजूत आहे, ती मी कधी मोडत नाही. ते म्हणत होते की ग्रंथालय समितीचे अध्यक्ष, ते वनस्पतिशास्त्राचे सर, खिडकीजवळच्या कपाटावर डोळा ठेवून आहेत. त्यांना तिथे आपल्या विभागाचे खंड लावायचे आहेत, आणि नव्या बाईंनी त्यात कार्टूनं भरायचं ठरवलं आहे. त्याच समितीपुढे तुझी नोकरी कायम व्हायची आहे ना? जपून राहा. हे फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू नुसतं बरं बरं म्हणतेस आणि ऐकत काहीच नाहीस.

मामीचे आशीर्वाद. लोभ आहे तेवढा पुरे नाही, आणखी लागेल.

तुझा मामा

———

ग्रंथालय, ता. ९ फेब्रुवारी

ती. मामास सा. न. वि. वि.

पुस्तकं पोचली. जड झाली आहेत, आणि उघडताना हाताला दाद देत नाहीत म्हणून एका विद्यार्थ्याने कोपराने दाबून धरलं होतं. पण दिसतात राजासारखी. नखाला हळद लाव आणि कारागीरकाकांची समजूत काढ.

कार्टूनं म्हणणाऱ्यांना तू ब्रश मारायला हवा होतास. मोठ्यांच्या चित्रकथांची ही चाळीस पुस्तकं मी कशी निवडली ते ऐक. वितरकाने दोनशेच्या वर पाठवली होती. मी सामानाच्या खोलीत जमिनीवर बसून सगळी वाचली. नुसती मारामारी असलेली बाजूला केली. ज्यांत चित्र वाक्याचीच नक्कल करतं, तीही गेली. डॉक्टरकीच्या मुलांसाठी एका वॉर्डाची गोष्ट घेतली, त्यात रोगी बोलत नाही, फक्त त्याच्या पलंगाची चादर पानागणिक बदलते. वास्तुशास्त्रवाल्यांसाठी एका इमारतीची घेतली. प्रत्येक पुस्तकाला एकच प्रश्न विचारला, की हे नुसत्या शब्दांत सांगता आलं असतं का? हो म्हणालं तर परत पाठवलं. लहानपणी तुझ्या कारखान्यात चित्रांची कात्रणं वेचून कोपऱ्यात साठवायचे आणि तू खारूताई म्हणायचास, तेच काम आता पगारावर करते.

सगळ्यांत जीव जडला तो नावाड्याच्या पुस्तकावर. सबंध पुस्तकात एक अक्षर नाही. नावाडी आणि त्याची लहान मुलगी. मुलगी पाण्यात पडते, बाप तिला वर ओढतो. मग कितीतरी पानं तो एकटाच घरात तिचे बूट वाळवत बसलेला. शेवटच्या पानावर उंबऱ्यात बूट नाहीत, कारण ती ते घालून बाहेर गेली आहे. बस, एवढंच. मी सामानाच्या खोलीत रडले, कुणाला सांगू नकोस.

गंमत म्हणजे अध्यक्ष सरांनी नेमकं तेच मागून घरी नेलं. म्हणाले, एक तरी वाचल्याशिवाय मत देणार नाही. मला आवडलं ते. तुझे कान तीक्ष्ण आहेत, पण कधीकधी फार लांबचं ऐकतात.

मामीला नमस्कार. वही बांधून दे तिची.

तुझी खारूताई

———

ग्रंथालय, ता. २० फेब्रुवारी

ती. मामास सा. न. वि. वि.

तुझे कान बरोबर होते. मीच वेडी.

सरांनी लेखी हरकत घेतली आहे. शुक्रवारी दुपारी बैठक आहे. नावाड्याचं पुस्तक तर काढाच, आणि ज्या बाईंनी ते निवडलं त्यांच्या निवडीवर विश्वास ठेवावा का याचाही विचार व्हावा, असं त्यात आहे. माझ्या नोकरीचा विषय त्याच बैठकीत, त्याच्या लगेच खाली.

हरकत काय, तर म्हणे बाप मुलीला बुडवतो. मी दोनदा वाचलं. सर लिहितात की जोडपानाच्या मोठ्या चित्रात बापाचा हात मुलीच्या डोक्यावर आहे आणि तो तिला पाण्याखाली दाबतो आहे. मग तो मेलेल्या मुलीचे बूट घेऊन शांतपणे बसतो, शेवटी ते फेकून देतो, आणि पुस्तकात त्याला कुणी जाबही विचारत नाही. ते स्वतः आपल्या मुलीला रोज पोहायला नेतात, हेही लिहिलं आहे. ही ओळ वाचून तर मला किळस आली. इतकं खोटं, आणि त्यात पोटच्या पोरीला ओढायचं!

मामा, मी ते पान विसरणं शक्य नाही. तुझ्याकडे पाठवायच्या आधी कितीदा पाहिलं. बापाचं मनगट मुलीने घट्ट धरलेलं आहे. डोक्यावर हात नाहीच. पुस्तक सरांच्याच ताब्यात आहे, ते बैठकीत आणणार, त्यामुळे आधी मला दाखवताही येत नाही. दुसरी प्रत मिळत नाही.

मी बोलायचं लिहून काढलं आहे. सरळ म्हणणार आहे की सरांनी हे पुस्तक उघडलेलंच नाही. कपाट हवं होतं तर मागायचं, त्यासाठी अशी गोष्ट रचायची गरज नव्हती. कुलसचिव असतील, सगळे विभागप्रमुख असतील. हे बोलल्यावर एकतर ते राहतील नाहीतर मी. तू काय म्हणतोस?

तुझी खारूताई

———

बाइंडिंगखाना, ता. २२ फेब्रुवारी

चि. खारूताईस अ. उ. आ.

पत्र आत्ता मिळालं, पोस्ट निघायच्या आत उत्तर टाकतो. मी म्हणतो, बोल. मऊ बोलू नकोस. मी पहिल्यांदा दुकान टाकलं तेव्हा एका शेठने चारचौघांत माझा माल कच्चा म्हटला होता. मी तिथल्या तिथे त्याच्या हातात पुस्तक दिलं आणि फाडून दाखव म्हटलं. त्याला घाम फुटला, पान फाटलं नाही. तुझ्या सरांनाही तसंच धर. माणूस खोटं बोलतो तेव्हा मुलाबाळांना मध्ये आणतो, हे गल्ल्यावर बसून मी शिकलो आहे.

मामी म्हणते पोरीला भडकवू नका. तिचं मन राखायला आज तिची वही शिवायला घेतो. तुझ्या पुस्तकांसारखीच पक्की.

लोभ धर, आणि कंबरही कसून धर.

मामा

———

हस्ते टेम्पोवाले, शुक्रवार, ता. २४, सकाळ

खारूताई,

परवाचं पत्र फाडून टाक. बोलू नकोस. सर खोटं बोलत नाहीत.

तुला चार वेळा फोन लावला, तू बंद ठेवला आहेस. टेम्पोवाल्याला बाकीचा माल सोडून आधी तुझ्याकडे यायला सांगितलं आहे. आत सोडलं नाही तर दारातून ओरड, असंही सांगितलं आहे, आणि ते त्याला चांगलं जमतं.

काल संध्याकाळी मामीला वही दिली. तिने उघडली, गायला तोंड उघडलं आणि तशीच थांबली. मग मला विचारते की मी काय आता प्रत्येक ओळ दुसऱ्या शब्दापासून म्हणू? पाहतो तर उजव्या पानावर ओळींची सुरुवात शिवणीत गेलेली, डाव्या पानावर शेवट. दोन्ही पानांची मिळून चांगली दोन बोटं रुंदीची पट्टी मी आवळून टाकली होती. मी हसत होतो. ती हसली नाही. म्हणाली, आणि पोरीच्या पुस्तकांत मध्ये काय होतं?

खारूताई, माझं हसू तिथेच गेलं. पाठ्यपुस्तकांना मध्ये कोरी जागा असते, जन्मभर मी त्या जागेत शिवत आलो. तुझं ते चित्र दोन पानांवर पसरलेलं आहे. बाप एका पानावर असणार, मुलगी दुसऱ्या. तिचा हात कुठे असणार? मधोमध. ती पट्टी माझ्या शिवणीत आहे. दोन्ही पानं जवळ आली, आणि बापाचा हात थेट तिच्या डोक्यावर टेकला. तू पाहिलंस ते बांधायच्या आधी, सरांनी पाहिलं ते नंतर. दोघं खरं सांगता आहात. मी ते पान एकदा उघडून पाहिलं असतं तर!

शिवण्याआधी पाठीकडची कड मी कापलेली नाही, फक्त भोकं पाडून शिवली. म्हणजे पट्टी आत आहे, असं मी म्हणतो. कारागिरालाही विचारलं. तो आता बोलायला लागला आहे, आणि तोही तेच म्हणाला. पण जोराने ओढलं तर भोकांवर कागद फाटेल, जपून.

बांधणारा माझा मामा आहे, हे सगळ्यांसमोर सांग. लपवलंस तर उद्या दुसरं कुणीतरी सांगेल आणि मग ते वेगळंच दिसेल. विद्यापीठ पुढे मला काम देवो न देवो.

मामा

———

ग्रंथालय, ता. २५ फेब्रुवारी

ती. मामास सा. न. वि. वि.

टेम्पोवाले काका दारातून ओरडले. शिपाई त्यांना अडवत होता आणि ते सांगत होते की मामाचं पत्र आहे, पोरीचं वाटोळं व्हायच्या आत द्या. सगळ्या समितीने ऐकलं. मी तेव्हा उभी होते. माझं पहिलं वाक्य बोलून झालं होतं. ते एवढंच होतं, की मला सरांच्या वाचनाबद्दल काही सांगायचं आहे. सर माझ्याकडे बघत होते, आणि पुढचं वाक्य माझ्या हातातल्या कागदावर होतं.

मी सगळ्यांसमोर तुझं पत्र वाचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा अक्षरं नुसती हलली. मग सरांना म्हटलं की ते पान उघडून तुम्हाला काय दिसतं ते सांगाल का? त्यांनी कोपराने दाबून पुस्तक उघडलं आणि सांगितलं. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. मामा, हात डोक्यावरच होता. मलाही तेच दिसलं. मी म्हणाले, सरांनी बरोबर वाचलं आहे, चूक बांधणीची आहे, आणि बांधणारा माझा मामा आहे. कुलसचिवांनी मान वर केली आणि ते लिहून घेतलं.

शिवण उसवायची परवानगी मागितली. एक प्रमुख म्हणाले की ही विद्यापीठाची मालमत्ता आहे. सर म्हणाले की मालमत्ता आहे म्हणूनच उसवायला हवी, आणि त्यांनी स्वतः दोन्ही पुठ्ठे धरले. हाताला आलं ते घेऊन मी दोरा तोडत गेले. सगळ्यांत वाईट वेळ ती, कारण पट्टी आत आहे असं तू म्हणत होतास, पण खात्री नव्हती. शेवटचा दोरा निघाल्यावर पानं आपोआप सैल झाली आणि सरांनी ती हळूच सपाट केली. मधोमध मुलीचा हात होता. बापाचं मनगट पकडून.

सरांनी चष्मा पुसला, पुस्तक ओढून घेतलं आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. बैठक थांबली. बुटांच्या पानावर ते बराच वेळ होते. मग म्हणाले की हरकत मागे घेतो, पण मी जे पाहिलं तेच लिहिलं होतं, याची नोंद व्हावी. मी म्हणाले, व्हायलाच हवी. माझ्या मुठीत तो कागद होता, मामा, त्यांना खोटारडा म्हणणारा. घरी येऊन फाडला.

नोकरी कायम झाली. सगळी चाळीस उसवून, पूर्ण उघडतील अशी पुन्हा शिवायची आहेत, ती तूच शिवायचीस. त्यानंतर मात्र विद्यापीठाचं काम तुझ्याकडे येणार नाही. नातं नोंदलं गेलं आहे, आणि नियम नियम आहे. तुला हे लिहितानाच ठाऊक होतं, हे मला कळलं आहे. त्याबद्दल समोर आल्यावर बोलेन, कागदावर जमणार नाही.

कपाट सरांना अजूनही हवंच आहे. बैठक संपल्यावर त्यांनी स्वतःच सांगितलं. तुझे कान शाबूत आहेत. नावाड्याचं पुस्तक ते मुलीला दाखवायला पुन्हा घरी घेऊन गेले, सुटी पानं फायलीत घालून.

मामीला साष्टांग नमस्कार, आणि तिची वही आधी उसव.

लोभ कमी करू नकोस, शिवण तेवढी कमी कर.

तुझी खारूताई

ता. क. कुऱ्हाड लागली नाही. पर्समधल्या नेलकटरने निघाली.