खोक्यातला नंदी

प्रणय,

तुही शप्पत, यातला शब्द न् शब्द खरा हाय. मी भाकरी टाकून राह्यलती, तं तुह्या आलमारीतून नंदी हंबरला. एकदा नाई, तीनदा! तोच लाकडाचा, ज्याच्यासाठी तू त्या कलाकाराले ऑनलाइन आंदीच पैसे देलते. असे पन्नासच बनवले म्हने. तुमी शौकीन लोकं खोक्याचं सील तोडत नाई, भाव चढाची वाट पाहता.

अरे, पन आज तान्हा पोळा, लेकरायच्या लाकडी नंदीचा सन! आजच्या दिवशी नंदी कोनी कोंडून ठेवते काय? मी सील तोडलं, त्याले हळदकुंकू लावलं, शिंगाले बेगड चिपकवली. शेजारच्या लहान्या स्वीटीजवळ नंदी नव्हता, म्हनून आमी दोघी त्याले घेऊन मारोतीच्या देवळाजवळ पोळ्यात चाललो.

तुहा नागपूरचा गिऱ्हाईक संध्याकाळी नंदी घ्याले आला, तं त्याले रिकामं खोकं देऊ नोको. खरं सांगजो, अन् कालची पुरनपोळी खाऊ घालजो. त्या पैशानं तू लॅपटॉप घेनार होता, मले मालूम हाय. रागव मायावर, पन जेवून घेजो.

एक गोष्ट मात्र मी बनवली. नंदी काई हंबरला नाई रे. मलेच तो पाहाचा होता.

तुही आजी