खुर्चीला लिहिलेला अर्ज

बाबा, आज मी न्यायाधीशांना अर्ज लिहिला आणि 'माननीय'ची वेलांटीच दोनदा खोडली. तुमची पणती, जिला तुम्ही पाहिलंच नाही, चार वर्षांपासून माझ्याजवळ नेहरू नगरला आहे. तिची आई, माझी लेक, गेली तेव्हा ती तीन वर्षांची होती. आता जावयाने दुसरं लग्न केलंय आणि मुलगी परत मागितली आहे. सोमवारी दुर्गच्या कोर्टात तारीख आहे. मला फार भीती वाटते बाबा.

सेक्टर दोनच्या क्वार्टरमधलं आपलं स्वयंपाकघर आठवतं. तुम्ही भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये क्लार्क, त्यामुळे रविवारी अर्ध्या सेक्टरचे अर्ज आपल्याच ओट्याशी बसून लिहिले जात. कुणी साहेबाचं नाव घालायला सांगितलं की तुमचं ठरलेलं, "नाव नाही, पद लिहाचं. अर्ज खुर्चीले लिहितात, माणसाले नाही." आणि कुणी दुसऱ्यासाठी अर्ज मागायला आला की तुम्ही आधी विचारायचात, "ज्याच्यासाठी लिहून राहिलो, त्याले विचारलं काय?" विचारलं नसलं की तुम्ही पेनाला टोपण लावून मोकळे. आई म्हणायची, तुमच्या या नखऱ्यांपायी माझा चहा वाया जातो.

सहावीत मी दोन दिवस शाळा बुडवली आणि बडी बहनजींना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, हिंदीत माफीचा अर्ज लिहिला, 'कृपया मुझे शिक्षा न दी जाए.' घरात मराठी, त्यामुळे शिक्षा म्हणजे मार, एवढंच मला ठाऊक. तुम्ही वाचलंत आणि हसलासुद्धा नाहीत. "तुले शाळेतून नाव काढाचं हाय काय? हिंदीत शिक्षा म्हंजे शिकवनं. दंड लिही." 'दंड' दहा वेळा लिहून घेतलंत. मी रडत लिहिते आहे आणि आई पोळ्या लाटता लाटता तुमच्याकडे रागाने बघते आहे.

परवा शेजारीण म्हणाली, जज साहेबांच्या बंगल्यावरच सरळ चिठ्ठी द्या, त्यांनाही लेकरंबाळं असतील. मला ते पटलंही होतं. वकीलबाईंनी मात्र कपाळाला हात लावला. चालू खटल्यात असं घरी पत्र पाठवणं म्हणजे आपल्या हाताने केस बुडवणं. सांगायचं ते अर्जात, त्यांच्यामार्फत, आणि प्रत समोरच्या पक्षालाही. तुमच्या प्लांटचं 'थ्रू प्रॉपर चॅनल'च की हे.

मग आज वकीलबाईंच्याच ऑफिसात बसून लिहिला. नाव नाही, नुसतं पद. बाई वाचता वाचता तिसऱ्या ओळीवर थांबल्या. मी लिहिलं होतं, 'मुझसे दूर करके बच्ची को ऐसी शिक्षा न दी जाए.'

"आंटी, आपके दामाद यही तो कह रहे हैं, कि आप उसे पढ़ाना नहीं चाहतीं."

उभा जन्म भिलाईत गेला, बाजारात, बँकेत हिंदीच बोलते, आणि भ्याले तशी सहावीतलीच झाले. तो कागद तसाच गेला असता तर? मी नवा कागद घेतला आणि 'दंड' लिहिलं. सही केली. बाईंनी फाईल बंद केली.

या पत्राला कसलं आलंय चॅनल? तुरीच्या डब्याखाली ठेवून देते. तुम्ही असता तर अर्जाची शेवटची ओळ वाचून पेनाला टोपण लावलं असतं. तिथे मी लिहिलं आहे, 'बच्ची मेरे ही पास रहना चाहती है.'

तिला मी विचारलेलं नाही, बाबा.