धाकट्या भावाच्या डोळ्यांचा दाब तपासण्याचा आदेश निघणेबाबत

प्रति,
मा. कामगार कल्याण अधिकारी,
प्रशासन विभाग, बाटली कारखाना.

विषय : 'उत्तम दृष्टी'च्या दाखल्यावर विसंबलेल्या फोर्कलिफ्ट चालकास डोळे तपासून घेण्याचा लेखी आदेश मिळणेबाबत.

संदर्भ : माझा आधीचा अर्ज निकाली काढल्याचे आपले पत्र.

महोदय,

१. मी आपल्या कारखान्यात बाटल्या तपासण्याच्या टेबलावर काम करत होतो. उजेडाच्या पडद्यासमोरून बाटल्या सरकत जातात, केसाएवढी चीर दिसली की ती बाटली बाजूला काढायची, असे ते काम. माझ्या हातून चिरेची बाटली सहसा सुटली नाही. काचबिंदू झाल्यामुळे सध्या घरी बसून आहे.

२. कारखान्याच्या नेत्रतपासणीत माझी दृष्टी दरवर्षी 'उत्तम' नोंदलेली असल्याने ती गेल्याची तक्रार ग्राह्य धरता येत नाही, असे आपण कळवले आहे. सविनय निवेदन की, नोंद खरी आहे. आपली तपासणी जेवणघरात होते. अक्षरांचा तक्ता बेसिनच्या वर कायमचा टांगलेला असल्याने हात धुता धुता तो सगळ्यांचा पाठ झाला आहे. आचारी तर तो उलटाही म्हणून दाखवतो. मी मात्र पाठ म्हणत नव्हतो. मला शेवटची ओळ खरोखरच दिसत होती. ती आजही दिसते. तिच्या आजूबाजूची भिंत दिसत नाही.

३. डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी मला नीट समजावून सांगितले. या रोगात बहुधा डोळ्याच्या आतला दाब वाढतो, मागची नस हळूहळू सुकते. कडेचे आधी जाते, समोरचे बराच काळ टिकते. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कुणी दाखवायला जात नाही. गेलेले परत येत नाही, पण वेळेवर कळले तर थेंब घालून उरलेले राखता येते. दाब मोजणे आणि कडेची नजर तपासणे हे थोड्या वेळाचे काम आहे. तक्ता वाचून ते कळत नाही. मी 'बरं' म्हणालो. मला तेव्हा विशेष काही वाटले नाही, अजूनही वाटत नाही. बाहेर येऊन चपला शोधत बसलो. त्या माझ्या पायाशेजारीच होत्या.

४. खुणा होत्या. कोपर लागून पाण्याचे पेले लवंडत, तेव्हा बायको मला धांदरट म्हणे. बाजूने कुणी हात पुढे केला तर मी तो घेत नसे, म्हणून सोबतचे मला शिष्ट म्हणत. फोरमनने स्वतःच्या निवृत्तीच्या दिवशी पुढे केलेला हातही मी तसाच ठेवला. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत. मी त्यांना काही कळवलेले नाही. कळवून काय होणार?

५. माझ्यासाठी आता काही मागणे नाही. हा अर्ज धाकट्या भावासाठी आहे. तो आपल्याच गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. हा रोग रक्ताच्या नात्यात येऊ शकतो, भावंडांनी तपासून घ्यायलाच हवे, असे डॉक्टरबाईंनी बजावले आहे. भावाच्या गाडीची डावी बाजू पार खरचटली आहे. परवा त्याने रॅकचा खांब वाकवला आणि वर म्हणाला, "रॅकच कुणीतरी पुढे सरकवलंय." मी डोळ्यांचा विषय काढला तर, "दादा, तुझं झालं म्हणून मलाही आजारी पाडू नकोस. माझा दाखला बघ. उत्तम लिहिलंय, शिक्का आहे." भावजयीने रडून पाहिले, मी हात जोडून पाहिले. तो ढिम्म हलत नाही. गोदामात माणसांची येण्याजाण्याची वाट त्याच्या गाडीच्या डाव्या अंगाला आहे, हे आपणास ठाऊकच आहे. मला भीती वाटते ती एवढीच.

६. भाऊ घरच्यांचे ऐकत नसला तरी कार्यालयाचा कागद त्याला शिरसावंद्य असतो. कामाच्या वेळी शिट्टी वाजवू नये अशी नोटीस मागे एकदा लागली होती. तेव्हापासून तो घरीसुद्धा शिट्टी वाजवत नाही. चांगली वाजवायचा. तरी त्याचा दाखला रद्द करावा. ते नियमात बसत नसल्यास माझा दाखला त्याच्यादेखत फाडावा. तेही बसत नसल्यास, डोळ्यांचा दाब व कडेची नजर तपासून न घेणाऱ्यावर शिट्टीबाबतच्या नोटिशीप्रमाणेच कारवाई होईल, एवढी नोटीस तरी काढावी. ती सर्वांना लागू केल्यास उत्तमच. तोपर्यंत त्याला गाडीवरून उतरवावे. तो माझ्यावर चिडेल, बोलणे टाकेल. ते चालेल.

आपला नम्र,
आणि आपल्या नोंदीनुसार उत्तम दृष्टीचा,
(सही)
बाटली तपासनीस, दुसरी पाळी

दिनांक : ४ मार्च

सोबत :
१. डॉक्टरबाईंचा अहवाल.
२. माझा दाखला, मूळ प्रत. फाडण्यासाठी.

ता. क. : सूचनाफलक गोदामात शिरताना डाव्या हाताला आहे. नोटीस कृपया तिथे लावू नये. समोर लावावी.