डावी कप्पी

पत्थना निखोम, लोपबुरी
रविवार, १९ जानेवारी
दुपारचे दोन वाजून दहा मिनिटे

भन्ते दादांना थविनचे त्रिवार वंदन.

आत्ताच पंखाच्या दोऱ्या मोजून संपवल्या. सकाळी सहाला बसलो होतो. एकेका दोरीला पाच किलोचं वजन लटकवायचं, भिंतीवरच्या पट्टीला धरायचं, आकडा लिहायचा, पुढची. मंगळवारी उड्डाण-संघाचे तपासनीस येणार आहेत. त्यांच्या आधी मला स्वतःला कळायला हवं होतं.

इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा तसाच. सूर्यफुलं वाळून काळी पडली, फोटो काढणारे येईनासे झाले. लाल कुत्री व्यायली, चार पिल्लं, त्यातलं एक तुमच्यासारखंच कान टवकारून ऐकतं आणि ऐकलेलं काही करत नाही.

हे हसण्यावारी न्यावं. भन्तेंची थट्टा केल्याचं पाप लागत असेल तर लागो. पंचवीस वर्षं तुम्हाला अरे-तुरे केलं. आता तुम्ही चीवर घातलंत आणि माझी जीभ वळत नाही. मागच्या रविवारी आई विहारात आली तेव्हा तुमच्या पायाशी डोकं टेकून किती वेळ उठली नाही. परतताना बसमध्ये म्हणाली, "माझ्या सानितने केवढं केलं बघ. कुणाच्या पोटी येतो असा मुलगा?" शेजारी मी बसलो होतो. मांडीवर तिची पिशवी होती, पाण्याच्या बाटल्यांनी भरलेली, मीच उचललेली.

ओरथाई बाईंकडे दर रविवारी भाताची पेज घेऊन जातो. आजही मोजणी मधेच थांबवून जाऊन आलो. कमरेखाली काही कळत नाही अजून. डॉक्टर "बघू" म्हणतात. बाई अजून माझ्या हाताकडे बघूनच बोलतात, चौथीत फळ्यावर लिहायला उभं करायच्या तेव्हासारखं. "थविन, वाऱ्यानेच झालं ना रे ते?" असं आजही विचारलं. मी चमचा पुसत होतो. म्हटलं, "बाई, पेज निवते आहे."

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते.

दीक्षेच्या आदल्या दिवशी, डोकं भादरायला बसण्यापूर्वी, तुम्ही मला शेडमागे बोलावलंत. हात प्लास्टरमध्ये होता. म्हणालात, "नोंदवहीतलं ते पान फाड. एवढं कर माझ्यासाठी." ते पान म्हणजे २८ नोव्हेंबरचं, माझ्या अक्षरातलं: वार्षिक तपासणी बाकी, तोवर प्रवासी नेऊ नये. त्या दिवशी तुम्ही ते वाचून माझ्या डोक्यावर टपली मारली होती आणि पर्यटकांना सांगितलं होतं, "माझा भाऊ. सहावीत शाळा सोडली, पण छत्रीचा मोठा डॉक्टर!" सगळे हसले. आपल्या इंजिनवाल्या पॅराग्लायडरला सगळं गाव उडती छत्रीच म्हणतं. मी एकटा पंख म्हणतो, म्हणून माझं हसं होतं.

पान मी फाडलं नाही. फाडणार नाही असंही सांगितलं नाही. ते महिनाभर तुमच्या डोक्यावर टांगून ठेवलं, आणि तुम्ही त्याच्याखाली जाऊन बसलात. तुम्हाला वाटतं की दोऱ्या ताणल्या गेल्या होत्या, म्हणून पंख डावीकडे ओढला. त्या पापाच्या फेडीसाठी तुम्ही पहाटे अनवाणी भिक्षेला फिरता.

भन्ते, दोऱ्या ठीक आहेत. आज एकूण एक मोजली. सगळ्यात जास्त फरक सहा मिलिमीटर, आणि तोही उजवीकडे. कापडातून हवा किती जाते तेही मोजलं. तो पंख अजून एक हंगाम सहज उडला असता.

त्या सकाळी काय झालं ते वेळेसकट लिहितो. आदल्या संध्याकाळी मी पंख्याभोवतीच्या जाळीला नवा रंग दिला होता, कारण गंज दिसत होता आणि बाई बसणार होत्या. बाईंच्या निवृत्तीची भेट म्हणून फेरी, आपली शाळा वरून बघायची होती त्यांना. सहा वाजून वीस मिनिटांनी आई विहारातला मंतरलेला दोरा घेऊन आली. दरवर्षी ती तो जाळीला बांधते. जाळीला हात लावला तर बोटं पिवळी झाली. मला म्हणाली, "अरे, ओला आहे रे रंग. मग कुठे बांधू?" मी इंजिनात तेल बघत होतो. म्हटलं, "बांध कुठेही."

तिने पंखाच्या डाव्या पट्ट्याला बांधला. तीन वेढे, बरोबर ब्रेकच्या कप्पीपाशी, आणि टोकं लोंबती.

सहा चाळीसला मी तपासणी करत तिथे पोचलो. पट्टे बघितले, कड्या बघितल्या, उजवी कप्पी फिरवून बघितली. डावीकडे दोरा दिसला. आपल्याकडे असा दोरा कात्रीने कापत नाहीत, तीन दिवस तरी राहू देतात, हे खरं. आई दहा पावलांवर हात जोडून उभी होती, हेही खरं. एवढंच कारण असतं तर मी हे पत्र डिसेंबरातच लिहिलं असतं. गाठ सोडवून जरा वरच्या पट्ट्याला बांधता आला असता. अर्ध्या मिनिटाचं काम.

तेवढ्यात तू ओरडलास. "झालं का डॉक्टरसाहेब? का पेशंट आजच मरणार आहे? ऊन डोक्यावर येईल, वारा सुटेल, मग बस नाडी बघत!" बाईंसमोर ओरडलास. बाईसुद्धा जरा हसल्या. तू हेल्मेट घातलंस, एकदाही वर बघितलं नाहीस, कधीच बघत नाहीस, कारण बघायला मी असतो. आणि मी मनात म्हटलं, मग आज बघूच नये.

बाई सीटवर बसल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, "तू तपासलंस ना रे सगळं?"

मी म्हटलं, "हो बाई."

बघा, तुमचं 'तू' झालं. खोडत नाही. खाडाखोड बाईंना आवडत नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, फक्त कारण माहीत नाही. ताडाच्या उंचीवर तुम्ही डावा ब्रेक ओढलात, दोरा कप्पीत गेला आणि ब्रेक वर परतला नाही. तुम्ही ओरडत होतात, "सोड, सोड!" सगळ्यांना वाटलं बाईंना सांगता आहात. मला जमिनीवरूनच कळलं की तुम्ही ब्रेकच्या अडकलेल्या मुठीला सांगता आहात. मग कालव्याचा बांध.

लोक बाईंना उचलत होते. तुम्ही हात पोटाशी धरून त्यांच्या नावाने हाका मारत होतात. आई धावताना पडली. मी कुठे होतो हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. मी कप्पीपाशी होतो. पातं घेऊन चाकात अडकलेला दोरा तुकड्या-तुकड्याने काढत होतो. तेव्हा कापायला चालला मला तो. वायसरच्या डब्यात तळाशी आहे, रंग लागून अर्धा पिवळा.

तुम्ही चीवर उतरवावं म्हणून हे लिहीत नाही. उतरवलंत तर आईला कारण सांगावं लागेल, नाही उतरवलंत तर रोज माझं ओझं घेऊन भिक्षेला फिरावं लागेल. दोन्हीतलं काय सोपं ते मला ठरवता येत नाही. तुमच्याबद्दलचा राग गेलेला नाही. तुम्ही न तपासता पंचवीस जण नेऊन आणलेत आणि तुम्हाला टाळ्या मिळाल्या. मी एकदा तपासणी सोडली, ती नेमकी त्या बाईंच्या वेळी, ज्यांनी मला ऱ्हस्व-दीर्घ शिकवलं. कोणाचा अपराध मोठा, हे तुम्ही ध्यानाला बसाल तेव्हा बघा. मला बसून काही दिसत नाही.

उद्या सकाळी हे पत्र भाजीच्या गाडीबरोबर पाठवतो. मंगळवारी नऊ वाजता तपासनीस येतील. २८ नोव्हेंबरचं पान जागेवर आहे, तेही वाचतील. त्यापुढे ७ डिसेंबरचं पान आहे. ते आजवर कोरं होतं. तपासनीस गेले की वही घेऊन बाईंकडे जाईन. त्यांनी पुन्हा वाऱ्याचं विचारलं, तर वही त्यांच्या हातात देईन. त्या चुका काढतील, काढू देत.

दोरा कोणी बांधला, याला नोंदवहीत रकाना नाही. मी तो आखणारही नाही. आईला एवढं आपण दोघांनी मिळून द्यावं. तुम्ही भन्ते म्हणून नाही जमलं, तर दादा म्हणून द्या.

७ डिसेंबरचं पान आता भरलं आहे. त्याची नक्कल खाली उतरवून देतो, म्हणजे विहारात कोणी विचारलं तर तुमचं आणि माझं एकच निघेल.

शनिवार, ७ डिसेंबर. सकाळी ६.४०.
वारा: ईशान्येचा, मंद.
दोऱ्या: ठीक. कड्या: बंद. इंजिन: ठीक.
उजवी कप्पी: मोकळी.
डावी कप्पी: दोरा. पाहिला. तसाच ठेवला.
तपासणारा: थविन, सानितचा धाकटा भाऊ.