कमानीच्या मधोमध बायको

३ मार्च
उद्या प्रवास. प्राचीन नगरीचे अवशेष, त्यावरून सहा सूक्ष्म रेखाचित्रं आणि एप्रिलमध्ये प्रदर्शन. आयुष्यातलं पहिलं. पन्नाशीत, म्हणजे अगदी योग्य वयात. गॅलरीवाल्या बाई हिच्या कॉलेजातल्या मैत्रीण असल्या, तरी निवड निव्वळ गुणवत्तेवर झाली आहे. ही म्हणाली, मी शब्द टाकला होता. म्हटलं, टाकलास, पण झेलला माझ्या रेषेने.
संकल्प: जागेवर बसूनच काढायचं. फोटो हौशा-नवशांनी काढावेत. डोळ्यांनी न पाहिलेला एक दगडही कागदावर येणार नाही.

५ मार्च
अवशेष भव्य. ऊन त्याहून भव्य. आज फक्त निरीक्षण, तेही सावलीत आडवं होऊन. डोळे मिटूनही निरीक्षण होतं, हे हिला काही केल्या पटत नाही.

६ मार्च
घडीचं स्टूल हॉटेलवर राहिलं. उभ्याने थोर कला होत नाही.
हिचं भलतंच चाललंय. दिसेल त्या अनोळखी माणसाच्या हातात मोबाइल द्यायचा आणि कमानीपुढे उभं राहायचं. मला म्हणाली, या ना शेजारी. म्हटलं, कामात आहे.

८ मार्च
पोट बिघडलं. उद्या दिवसभर काढणार.

९ मार्च
परतीची गाडी आजचीच निघाली. ही आठवडाभर सांगत होती म्हणे.
हाती आलेलं काम: कमानीच्या पायथ्याचा एक दगड. पण असा, की बघणाऱ्याला ठेच लागावी.

१८ मार्च
आठवणीतून सुरुवात केली. कमान लख्ख आठवते. खांब किती, यावर मतभेद आहेत. माझे माझ्याशीच.
शेवटी हिच्या मोबाइलमधले फोटो घेतले. केवळ संदर्भासाठी. फोटो बघून काढणं वेगळं, संदर्भ घेणं वेगळं. ही ओठ दाबून हसली. हसू दे.

१९ मार्च
बोंबला! प्रत्येक फोटोत मधोमध ही. नेमकं नक्षीकाम झाकून! हिला म्हटलं, काय हा आचरटपणा. तर म्हणते, फोटो माझे होते, कमानीचे नव्हते.
मागचं मनाने भरावं, तर संकल्प मोडतो. दुपारभर डोकं धरून बसलो आणि तोडगा सुचला. ही जिथे उभी आहे, तिथे कागद कोरा ठेवायचा. इतका प्रामाणिक चित्रकार विरळाच.

२ एप्रिल
सहाही पूर्ण! डोळ्यांचं भजं झालं, पण एकेक भेग, शेवाळाचा एकेक पापुद्रा, सगळं हजर. मधे पांढरा माणसाचा आकार. हिला दाखवलेली नाहीत. सरप्राइज.
फ्रेमवाल्याने विचारलं, मधलं राहिलंय, नंतर आणता का? त्याला कोऱ्या जागेचं सौंदर्य समजावलं. तो म्हणाला, काच मात्र पूर्ण मापाचीच लागेल.

१२ एप्रिल
काल उद्घाटन. गर्दी! गॅलरीवाल्या बाई भाषणात म्हणाल्या, घरातली बाई समोर असून कुणाला दिसत नाही, हे इतक्या धाडसाने एखाद्या पुरुषाने क्वचितच दाखवलं असेल. मला या धाडसाची कल्पना नव्हती, पण मान डोलावली. वर म्हटलं, याच विषयावर वर्षानुवर्षं काम करतोय.
ही मोठ्या कमानीसमोर जाऊन उभी राहिली. बराच वेळ. कुणीतरी ओळखलं आणि मग काय, सगळे तिच्याभोवती! मी सरबताच्या टेबलापाशी.
परतताना टॅक्सीत विचारलं, आवडली का चित्रं? म्हणाली, शेवाळ छान आलंय. मग तिनेच विचारलं, मोठ्या कमानीच्या फोटोत मी कोणत्या रंगाचा ड्रेस घातला होता?
आता हे फोटो मी दोन आठवडे भिंग लावून बघितलेत. छातीठोकपणे सांगितलं, निळा.
ती म्हणाली, सहाही फोटोंत एकच ड्रेस आहे. दुसरा घ्यायला बॅगेत जागा नव्हती, तुमचे कागद होते. आणि निळा नाहीये.
मग खिडकीबाहेर बघत बसली. मी घर येईपर्यंत टॅक्सीवाल्याला उगाच रस्ता सांगत राहिलो.

१३ एप्रिल
संकल्प: सहाही चित्रांत हिला काढायचं. आजच!
गॅलरीवाल्या बाई फोनवर किंचाळल्या. म्हणाल्या, हात लावलात तर सगळी उतरवेन, त्या कोऱ्या जागेशिवाय चित्रांत आहे काय?
ठीक. घरीच नवा कागद घेतला. हिला म्हटलं, बस समोर. म्हणाली, वेळ नाही, गॅलरीत लोक माझ्याशी बोलायला येतात, मैत्रिणीने रोज बोलावलंय. मोबाइल घेऊन गेली. म्हणजे फोटोही गेले.
आठवणीतून काढायला बसलो. कमान झरझर आली, भेगांसकट. पुढे हिचा खांदा, ओढणी. चेहऱ्यापाशी हात अडला. तीळ हनुवटीवर आहे की गालावर? भांग मधोमध की बाजूला? एवढी वर्षं संसार केला आणि छे, येईचना. लाज वाटली. खरंच वाटली.
संध्याकाळी बेल वाजली. धावत जाऊन दार उघडलं. म्हटलं, आता डोळे भरून बघून घ्यायचं. ती दारातच थबकली. म्हणाली, असं काय बघताय, दाराला काही झालंय का?
मी दाराकडे बघितलं. बिजागरीवर गंज काय सुरेख चढलाय! एकेक थर वेगळा दिसतो.
तोवर ती आत गेली होती.