बाबांचा सिनेमा, फ्राऊ होल्ट्सरचा सिनेमा

झिंडेलफिंगेन, रवि. १० ऑक्टोबर २००४
बाबा, म्हणजे माझे सासरे, इथे जर्मनीत आमच्याकडे येऊन तीन आठवडे झाले. सासूबाई गेल्यापासून कमीच बोलतात, इथे आल्यावर त्याहून कमी. "चहा?" "चालेल." "फिरायला?" "नको." संपलं संभाषण.
आज दुपारी जेवणानंतर टीव्ही लावला. इथल्या चॅनलवर जुना अमेरिकन सिनेमा, काळा-पांढरा, घोडे, बंदुका. बाबा ताठ बसले.
"हा जर्मन का बोलतोय?"
म्हटलं, बाबा, इथे सगळं डब करतात.
"त्याला विचारलं का कुणी?"
तीन आठवड्यांतलं सगळ्यात लांब वाक्य. मग आवाज बंद करून हिरोचे सगळे संवाद स्वतः म्हणाले. इंग्रजीत, पाठ. चुंबन आलं तेव्हा ते संपेपर्यंत खोकले.
अभि माझा नवरा, त्यांचा मुलगा. वडिलांना हे येतं हे त्यालाच माहीत नाही. म्हणे कोल्हापुरात कॉलेजला असताना इंग्रजी सिनेमे बघून इंग्रजी शिकले.

रवि. १७ ऑक्टो.
आजही तसाच एक. गोळीबाराला बाबांचा आवाज चढला आणि बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ होल्ट्सर (यापुढे फ्रा. हो.), सत्तरीच्या, निवृत्त शिक्षिका. मला वाटलं, रविवारची रुहेत्साइट, आवाज न करण्याची वेळ, आता शांततेवर लेक्चर. पण त्या म्हणाल्या, वर कुणी माणूस इंग्रजीत धमक्या देतोय, पोलिसांना बोलवू का?
मग टीव्हीकडे लक्ष गेलं. "आख, हा! पण आवाज का बंद?"
बसल्या त्या बसल्याच. त्यांचं म्हणणं, याचा खरा आवाज जर्मनच, चौदाव्या वर्षापासून ऐकतेय.
बाबा : "बाईंना सांग, तो मूळचा अमेरिकन आहे."
फ्रा. हो. : "गेनाऊ, बरोबर. पण आमच्याकडे तो जास्त चांगलं बोलायचा."
मी जरा मऊ करून सांगितलं. बाबा म्हणाले, "तू पूर्ण सांगत नाहीयेस."
तह : अर्धा सिनेमा आवाजासकट, अर्धा बाबा.

रवि. २४ ऑक्टो.
फ्रा. हो. प्लमचा केक घेऊन आल्या. सिनेमा डोंगरातल्या एका हॉटेलचा. बाबांनी तो अकरा वेळा पाहिलेला, त्यांचा अगदी लाडका. फ्रा. हो.चाही. पहिल्यांदाच एकमत, मला हायसं वाटलं. पंधरा मिनिटंच.
बाबा : "हे पाहुणे काय म्हणतायत?"
मी : "टपाल तिकिटं चोरलीत म्हणे. दुर्मिळ. म्हणून लपलेत."
"कसली तिकिटं? नाझी अधिकारी आहेत ते. नाव बदलून राहिलेत."
फ्रा. हो. म्हणाल्या, काय म्हणाले? टाळता येईना. सांगितलं.
"नाइन, नाही. तिकिटचोर. पहिल्यापासून तिकिटचोर."
बाबांनी टीव्हीतल्या एकाकडे बोट दाखवलं. तो लष्करी थाटात टाचा जुळवून उभा होता. फ्रा. हो. बराच वेळ त्या टाचांकडे बघत राहिल्या. मग उठल्या, केक तसाच ठेवून गेल्या.
बाबांनी टीव्ही बंद केला. "मी बोलायला नको होतं."

रवि. ३१ ऑक्टो.
आल्या नाहीत. बाबांनीही टीव्ही लावला नाही. "चहा?" "नको." परत तिथेच. अभि म्हणाला, युद्धानंतर इथे डब करताना सिनेमातल्या नाझींना असंच चोर-बीर करून टाकायचे.
त्यांची केकची ताटली मी दोनदा धुतली. खाली न्यायचा धीर होईना.

शनि. ६ नोव्हें.
बाबा स्वतःच ताटली घेऊन खाली गेले. वीस शब्दही जर्मन येत नाहीत. रिकामी कशी द्यायची म्हणून वर चार बेसनाचे लाडू. पाऊण तासाने आले. काय बोललात?
"काही नाही. त्यांनी दोन खाल्ले."

रवि. ७ नोव्हें.
आल्या. कोटही न काढता म्हणाल्या, युद्धानंतर आईने मला नेलेला तो पहिला सिनेमा. आई त्या चोरांना खूप हसली होती. ते खरे कोण होते हे तिला माहीत असेल का?
बाबांना सांगितलं, पूर्ण. त्यांनी खुर्ची पुढे केली.
मग त्या म्हणाल्या, मला पहिल्यापासून सांगा, खरा सिनेमा.
बाबांनी सांगितला. मराठी, इंग्रजी, हातवारे. मी जर्मन करतेय. दीड तास. हॉटेलचा मॅनेजर, त्याची प्रेयसी, तळघर, तो टाचा जुळवणारा. बाबा हा माणूस इतकं बोलू शकतो. अभि दारात उभा राहून ऐकत होता.
मॅनेजर पिस्तूल घेऊन जिना उतरतो, इथवर आले आणि थांबले.
"मग?"
बाबा खिडकीबाहेर बघायला लागले. "आमच्या गावची शेवटची एसटी रात्री सव्वाबाराला सुटायची. शेवटची वीस मिनिटं मी कधी पाहिलीच नाहीत."
अकरा वेळा!
फ्रा. हो.ना सांगितलं. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला. म्हणाल्या, शेवट मला पाठ आहे. चोरांना पश्चात्ताप होतो आणि ते तिकिटं म्युझियमला परत करतात.
बाबा माझ्याकडे वळले.
"नाझी काय परत करणार?"

शनि. १३ नोव्हें.
अभिने स्टुटगार्टहून त्या सिनेमाची डीव्हीडी आणली. जर्मनही आहे आणि मूळ इंग्रजीही. खूश होऊन टेबलावर ठेवली. बाबांनी दोन्ही बाजूंनी पाहिली. प्लॅस्टिक काढलं नाही.
अभि : "बाबा, लावू?"
"आधी खाली विचार, बाईंना बघायचंय का."
मी खाली गेले. फ्रा. हो.नी दारातच ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आल्झो, म्हणजे तुमच्या सासऱ्यांना बघायचंय का?"
वर आले. बाबा जिन्याच्या तोंडाशीच.
"काय म्हणाल्या?"
म्हटलं, तुम्हालाच विचारलंय.